उतारवयातील श्वानाचा आहार : भाकरी चालते, कांदा नाही

चोपडा परिसरात शेताच्या राखणीला असलेला किंवा घराच्या ओट्यावर वाढलेला कुत्रा म्हातारा झाला, तरी त्याचे ताट सहसा बदलत नाही. ज्वारीची किंवा कळण्याची भाकरी, तीवर रात्रीच्या भाजीचा रस्सा, कधी दूध, हा क्रम शेवटपर्यंत चालतो. खंडोबा आणि दत्तगुरू यांच्या प्रतिमांत मानाचे स्थान मिळालेल्या या प्राण्याच्या वाट्याला घरात मात्र उरलेसुरलेच येते. तरुण वयात हे बऱ्याच अंशी खपून जाते. उतारवयात त्याची किंमत मोजावी लागते.

मोठ्या जातीचे श्वान साधारणतः सातव्या वर्षाच्या सुमारास, तर लहान जातीचे दहाव्या वर्षाच्या आसपास वयस्क मानले जातात. तोंडावरचे केस पांढरे होणे, उठताना मागचे पाय जड वाटणे, झोप वाढणे ही बाह्य लक्षणे. आतमध्ये स्नायूंचे वस्तुमान घटत असते आणि हालचाल कमी झाल्याने चरबी वाढत असते.

भाकरी कुत्र्याला पचत नाही, हा समज खरा नाही. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनानुसार, पिष्टमय पदार्थ पचवणाऱ्या विकराच्या जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा कुत्र्यात कितीतरी अधिक असतात. माणसाच्या सहवासातच ही क्षमता विकसित झाली असावी. अडचण आहे ती प्रमाणाची. पंधरा किलो वजनाच्या वयस्क कुत्र्याला दिवसाला सुमारे ६५० ते ७५० किलोकॅलरी पुरतात. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या एका भाकरीत त्यांपैकी जवळजवळ निम्म्या येतात. दोन भाकऱ्यांत दिवसाचा कोटा संपतो आणि प्रथिनांना जागाच उरत नाही.

कमी खाण्याचा लाभ किती मोठा, हे अमेरिकेतील एका दीर्घ अभ्यासातून दिसून आले. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ४८ लॅब्रॅडॉर कुत्र्यांच्या जोड्या लावून, जोडीतील एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी अन्न आयुष्यभर देण्यात आले. कमी खाणाऱ्यांचे मध्यक आयुर्मान १३ वर्षे, तर इतरांचे ११.२ वर्षे भरले. सांधेदुखीही त्यांच्यात उशिरा आली. बरगड्या हाताला सहज लागाव्यात, पण डोळ्यांना ठळक दिसू नयेत, ही वजनाची घरगुती कसोटी आजही उपयोगी आहे.

म्हाताऱ्या कुत्र्याला प्रथिने कमी द्यावीत, असे पूर्वी सांगितले जाई. निरोगी श्वानाच्या बाबतीत हा सल्ला आता मागे पडला आहे. स्नायू टिकवण्यासाठी त्याला चांगल्या प्रतीची प्रथिने लागतात. उकडलेले अंडे, बिनमसाल्याचे शिजवलेले कोंबडीचे मांस आणि पचत असल्यास थोडे दही हे सोपे पर्याय. शिजवलेली हाडे मात्र टोकदार तुकडे होऊन आतड्याला इजा करतात. मूत्रपिंडे दुबळी झाली असतील, तर गणित निराळे होते. अशा वेळी फॉस्फरस आटोक्यात ठेवावा लागतो, म्हणून आहार बदलण्यापूर्वी रक्त व लघवीची तपासणी आवश्यक ठरते.

खानदेशी स्वयंपाकघरातील खरा धोका वेगळाच आहे. शेवभाजीचा रस्सा, वांग्याचे भरीत, काळ्या मसाल्याची आमटी या सर्वांत कांदा-लसूण सढळ हाताने पडतो. या दोन्हींतील गंधकयुक्त संयुगे कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात. शिजवल्याने किंवा वाळवल्याने ती नष्ट होत नाहीत. शरीराच्या वजनाच्या अर्धा टक्का कांदा, म्हणजे वीस किलोच्या कुत्र्याला शंभर ग्रॅम, एका वेळी पोटात गेल्यास विषबाधेचा धोका असतो. थोडाथोडा रोज गेला तरी अपाय होतो. लसूण तर कांद्याहून तीव्र. लक्षणे काही दिवसांनी उमटत असल्याने कारण लक्षातच येत नाही. फिकट हिरड्या, गडद लघवी, धाप आणि अशक्तपणा ‘वयोमानानुसार’ म्हणून सोडून दिले जातात. द्राक्षे आणि मनुका यांनी मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. तीही पूर्णतः वर्ज्य.

२०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली जळगावची केळी कुत्र्याला चालतात, मात्र चकतीच्या मापाने. वरखाऊ एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांत बसावा. मध्यम केळ्यात सुमारे शंभर किलोकॅलरी असतात. त्यामुळे पंधरा किलोच्या कुत्र्याला अर्धे केळे पुरेसे, आणि मधुमेही श्वानाला तेही विचारूनच. बद्धकोष्ठावर उकडलेला लाल भोपळा दोन-तीन चमचे दिल्यास फरक पडतो. सांध्यांसाठी जवस दिले जाते. परंतु त्यातील ओमेगा-३ चे उपयुक्त रूपात रूपांतर कुत्र्याच्या शरीरात फारच कमी होते. तिथे मत्स्यतेल सरस. हळदीबद्दल बोलबाला पुष्कळ, पुरावा तोकडा.

घरचे अन्न म्हणजे आपोआप परिपूर्ण, हेही गृहीत धरता येत नाही. २०१३ मध्ये कॅलिफोर्नियातील पशुवैद्यकांनी दोनशे घरगुती पाककृती तपासल्या, तेव्हा ९५ टक्के कृतींत किमान एक अत्यावश्यक घटक अपुरा आढळला. मांस आणि भाकरीच्या ताटात कॅल्शियम हमखास कमी पडते. अंड्याचे कवच उकळून, वाळवून केलेल्या बारीक पुडीच्या अर्ध्या चमच्यात सुमारे एक ग्रॅम कॅल्शियम असते. ती नेमकी किती घालावी, हे पशुवैद्यकाने ठरवावे.

एप्रिल-मे महिन्यांत या भागातील पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो. त्या दिवसांत जेवण भल्या पहाटे आणि सूर्यास्तानंतर, दोन भागांत द्यावे. भाकरी पाण्यात किंवा बिनमिठाच्या मांसाच्या पाण्यात कुस्करावी. दात हललेल्या कुत्र्याला ती चावावी लागत नाही आणि पोटात पाणीही जाते. पाण्याचे भांडे तो जिथे झोपतो, तिथून चार पावलांवर असावे.