नोकरीचे वचन : अडसर आणि आधार

अमेरिकेत रोजगाराच्या बळावर कायम वास्तव्याचा हक्क मागणाऱ्या परदेशीयास आज बहुधा तेथील मालकाने नोकरी देऊ केलेली असावी लागते. १८८५ च्या कायद्याने मात्र हेच वचन अपात्रतेचे कारण ठरविले होते. करारबद्ध मजुरांमुळे देशी मजुरी घसरते, या तक्रारीवरून 'कोणत्याही प्रकारचे श्रम वा सेवा' यांसाठी पूर्वकराराने माणसे आणण्यास मनाई झाली. शब्द इतके व्यापक, की न्यूयॉर्कच्या होली ट्रिनिटी चर्चने इंग्लंडहून बोलाविलेला धर्मोपदेशकही त्यांत सापडला! १८९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, कायद्याचा रोख अंगमेहनतीच्या मजुरांवर आहे, असे म्हणून चर्चला मुक्त केले. हा अर्थ ओढूनताणून काढलेला वाटतो. कारण नट, गायक, व्याख्याते यांना कायद्याने नावानिशी वगळले होते, धर्मोपदेशकास नव्हे.

१९५२ मध्ये ही बंदी गेली. १९६५ च्या कायद्याने देशी मजुरीच्या रक्षणासाठीच उलट वाट धरली: योग्य देशी कामगार उपलब्ध नाही, असा श्रमखात्याचा दाखला आवश्यक झाला. पुढे हा दाखला मागणे मालकाच्या हाती गेले आणि कामगार त्याच्याशी बांधला गेला. २००० च्या कायद्याने, अखेरचा अर्ज १८० दिवस प्रलंबित राहिल्यास, 'समान वा सदृश' व्यवसायात जाण्याची मुभा दिली. तथापि भारतात जन्मलेल्यांना, त्यांत मराठी अभियंतेही आले, देशवार ७ टक्के मर्यादेमुळे त्या अर्जापर्यंत पोचण्यासच वर्षानुवर्षे थांबावे लागते.