लातूरचा वकील एवढा मोठा कसा झाला?



आपल्या गावातली जुनी माणसं वय सांगताना 'रझाकाराच्या वक्ताला मी रांगत होतो' असं सांगायची. १७ सप्टेंबरला आपण मुक्तिसंग्राम दिनाच्या झेंडावंदनालाही जातो. पण रझाकारांचा म्होरक्या एवढा मोठा कसा झाला, कुणी होऊ दिला, हे फारसं कुणी सांगत नाही. आज आम्ही तेच सांगणार आहोत.

कासीम रझवी हा लातूरचा वकील. लातूर तेव्हा आपल्याच उस्मानाबाद जिल्ह्यात होतं. राज्य निजामाचं. लोकशाही नव्हती, पण लोक ती मागत होते. ती मागणाऱ्या स्टेट काँग्रेसवर निजामानं १९३८ पासून १९४६ पर्यंत बंदी ठेवली. स्वामी रामानंद तीर्थांसारख्या माणसांना तुरुंगात टाकलं. म्हणजे मत मागणाऱ्याचं तोंड बंद, आणि हत्यार घेऊन कवायत करणाऱ्याला मोकळं रान. १९४६ मध्ये रझवी मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीन या पक्षाचा अध्यक्ष झाला. रझाकार म्हणजे स्वयंसेवक. या पक्षाच्या स्वयंसेवकांची त्यानं फौजच केली. 'आपला धर्म धोक्यात आहे, मीच वाचवीन,' अशी त्याची भाषा. दिल्लीच्या सरकारशी घासाघीस करायला निजामालाही हा माणूस सोयीचा वाटला.

मग ऑक्टोबर १९४७ उजाडला. देश स्वतंत्र झाला होता. 'जैसे थे' कराराचा कागद घेऊन निजामाची माणसं दिल्लीला निघणार होती. त्याच पहाटे रझवीच्या हजारो माणसांनी पंतप्रधान असलेल्या छत्तारीच्या नवाबांच्या घराला वेढा दिला. दिल्लीला जाणं रद्द झालं. नवाबांनी राजीनामा दिला आणि रझवीच्या पसंतीचे मीर लायक अली पंतप्रधान झाले. रझवी स्वतः कुठल्याच सरकारी खुर्चीवर नव्हता. प्रजेनं त्याला एक मतही दिलं नव्हतं. तरी त्याला विचारल्याशिवाय राज्यात पान हलेना. खेड्यापाड्यांत लूट, जाळपोळ, खून सुरू झाले. लेकीसुना घेऊन माणसं सोलापूर, बार्शीकडे पळाली.

त्याला विरोध करणारे मुसलमानही होते, हे आपण विसरायचं नाही. शोएबुल्ला खान हे हैदराबादच्या 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक. रझाकारांच्या जुलमाविरुद्ध ते लिहीत राहिले. ऑगस्ट १९४८ मध्ये एका रात्री घरी जाताना त्यांना गाठलं, गोळ्या घातल्या आणि लिहिणारा हात तोडला.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौज सोलापूरकडून आली. पहिल्याच दिवशी आपला नळदुर्ग तिनं घेतला. पाच दिवसांत निजाम शरण आला. २३ सप्टेंबरला तो रेडिओवर बोलला, की रझवीच्या टोळीनं जर्मनीतल्या हिटलरसारख्या पद्धतीनं राज्य बळकावलं आणि मी हतबल झालो. पण त्या टोळीला वाढू दिलं कुणी?

हिटलरचं नाव निघालंच आहे, तर तेही ऐका. जर्मनीत निवडणुका होत होत्या. नोव्हेंबर १९३२ च्या निवडणुकीत त्याच्या पक्षाला शंभरातली तेहेतीसच मतं पडली. तरी जानेवारी १९३३ मध्ये तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी त्याला पंतप्रधान केलं. भोवतालच्या बड्यांना वाटलं, याला आपण मुठीत ठेवू. दोन महिन्यांत त्यानं संसदेचे अधिकार स्वतःकडे घेतले.

आणि किंमत कोण मोजतं? रझवी १९५७ पर्यंत तुरुंगात राहिला आणि सुटून पाकिस्तानात गेला. पण फौज आल्यावर सूडाचा वणवा पेटला. ज्यांनी कधी हत्यार उचललं नव्हतं, अशी हजारो मुसलमान माणसं मारली गेली. सरकारनं पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीनं सर्वात जास्त झळ बसलेले चार जिल्हे सांगितले, त्यात आपला जिल्हा होता. आधी हिंदूंची घरं जळाली, मग मुसलमानांची. मागे राहिलेल्या बाया दोन्हीकडच्या.

मैत्रिणींनो, हुकूमशहा एका दिवसात होत नाही. वरचे म्हणतात, 'आपल्या कामाचा आहे.' शेजारचे म्हणतात, 'आपल्याला काय करायचं?' आणि बोलणारा एकटा पडतो. म्हणून सवय लहान ठिकाणी लावायची. गटाचं पासबुक आणि शिक्का वर्षानुवर्षं एकीच्याच घरी नको. हिशोब दर बैठकीत मोठ्यानं वाचायचा. महिला ग्रामसभेला जायचं, प्रश्न विचारायचा. आणि एखादी प्रश्न विचारायला उभी राहिली, तर तिच्या शेजारी आणखी दोघींनी उभं राहायचं. तिचं म्हणणं पटो न पटो, तिला बोलू द्यायचं.

पुढच्या बैठकीत घरातल्या म्हाताऱ्यांकडून रझाकाराच्या वक्ताची एकेक आठवण विचारून या. हिंदू घरातली आणा, मुसलमान घरातलीही आणा. दोन्ही एकाच बैठकीत सांगू.