सेवेचा वारसा व आपले तरुण

ज्युबिलीचें वर्ष हें देवाच्या उपकारांची उजळणी करण्याचें वर्ष होय. या प्रसंगीं आपण मंदिर शृंगारितों, घंटा वाजवितों, दिवंगत धर्मगुरूंचें व धर्मभगिनींचें कृतज्ञतेनें स्मरण करितों. आणि तें योग्यच आहे. परंतु ज्या घरांत आजोबांच्या तसबिरीला हार घातला जातो आणि नातू मात्र आजोबांचें एकही काम उचलीत नाहीं, त्या घरांतील तो हार लवकरच सुकतो. म्हणून या स्मरणिकेंत मागील गोष्टी सांगतांना माझी दृष्टि पुढच्या बाकांवरील वृद्धांकडे नसून, मागें दाराशीं उभे राहणाऱ्या तरुणांकडे आहे.

वऱ्हाडांतील कॅथलिक ख्रिस्तसभेचा इतिहास फार जुना नाहीं; पण तो उपकारांनीं भरलेला आहे. १८८७ सालीं नागपूरचा धर्मप्रांत स्थापन झाला व वऱ्हाडचें मिशनकार्य त्याच्या छत्राखालीं वाढलें. पुढें १८९९-१९०० चा महादुष्काळ आला. पिकें बुडालीं, विहिरी आटल्या, माणसें व गुरें अन्नपाण्यावांचून मेलीं. अशा काळीं परमुलखांतून आलेल्या मिशनऱ्यांनीं भुकेल्यांना अन्न दिलें व पोरक्या लेकरांना आसरा दिला. ८ मे १९५५ रोजीं अमरावतीचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. त्या साऱ्या काळांत शाळा, दवाखाने, वसतिगृहें उभीं राहिलीं. त्यांत शिकून आपलीं मुलें नोकरीधंद्यास लागलीं. थोडक्यांत, आपल्या इतिहासाचीं पहिलीं पानें घेणाऱ्या हातांनीं लिहिलेलीं आहेत. यांत लाज मुळींच नाहीं. लाज तेव्हां वाटावी, जेव्हां पोट भरल्यावरही हात पसरलेलाच राहतो. ज्युबिलीच्या वर्षीं आपणांस विचारावयाचा खरा प्रश्न हा, कीं घेणारे हात देणारे केव्हां होणार? आणि हें काम तरुणांनीं नाहीं केलें, तर दुसरें कोण करणार?

कोणी म्हणेल, "फादर, आम्हांजवळ ना पैसा, ना अधिकार, आम्ही काय सेवा करणार?" या शंकेचें उत्तर इतिहासच देतो. आपल्या मराठी मुलखांतील संत गोन्सालो गार्सिया यांचेंच चरित्र पाहा. सुमारें १५५६ सालीं त्यांचा जन्म वसईस झाला. बाप पोर्तुगीज, आई येथलीच. येशूसंघीय धर्मगुरूंपाशीं ते शिकले व अवघ्या पंधरा-सोळा वर्षांच्या वयांत त्यांच्याबरोबर जपानला गेले. तेथील भाषा त्यांनीं लवकर आत्मसात केली आणि धर्मशिक्षकाचें काम कित्येक वर्षें केलें. संघांत प्रवेश मिळावा अशी त्यांची फार इच्छा होती. ती पुरी झाली नाहीं. मग त्यांनीं व्यापार केला, त्यांत यश मिळविलें, आणि अखेर तें सर्व सोडून फिलिपाइन्समधील मनिला येथें फ्रान्सिस्कन संघांत साधे बंधु म्हणून ते दाखल झाले. धर्मगुरूपद त्यांना कधींच मिळालें नाहीं. पुढें ते पेद्रो बाप्तिस्ता यांचे दुभाषी म्हणून पुन्हां जपानांत गेले. क्योतो येथें फ्रान्सिस्कन बंधूंनीं महारोग्यांसाठीं रुग्णालय उघडलें होतें. त्या बंधूंपैकींच हा वसईकर एक. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकी येथें पंचवीस सोबत्यांसह त्यांस क्रूसावर मरण आलें, आणि ८ जून १८६२ रोजीं ख्रिस्तसभेनें त्यांस संतपद दिलें. ज्याला एका दारांतून परत जावें लागलें, त्यानें रुसून घर गांठलें नाहीं. दुसऱ्या दारानें तो सेवेंत शिरला.

ज्या फिलिपाइन्सनें आपल्या गोन्सालोस आश्रय दिला, त्याच देशानें पुढें दुसरा तरुण जगाला दिला. पेद्रो कालुंगसोद हा विसाया बेटांकडील मुलगा मिशनऱ्यांसोबत ग्वाम बेटावर धर्मशिक्षक म्हणून गेला. २ एप्रिल १६७२ रोजीं फादर दिएगो लुईस दि सान व्हितोरेस यांच्याबरोबर तो मारला गेला. पळून जाण्याइतकें त्याचें अंग चपळ होतें, पण आपल्या गुरूला एकटें टाकून तो गेला नाहीं, असें त्याच्याविषयीं सांगतात. त्या वेळीं त्यानें विशीही ओलांडली नव्हती. २१ ऑक्टोबर २०१२ रोजीं तो संत म्हणून घोषित झाला. आज त्या देशांतील तरुणांना सेवेची हांक देतांना हें नांव घेतलें जातें. आपल्या तरुणांनाही तें परकें वाटूं नये.

तिसरें उदाहरण एका विद्यार्थ्याचें. फ्रेडरिक ओझानाम हा पॅरिस येथें कायद्याचा अभ्यास करीत होता. विद्यार्थ्यांच्या एका वादसभेंत त्याला व त्याच्या मित्रांना विरोधकांनीं टोमणा मारला, कीं तुमच्या धर्मानें पूर्वीं मोठीं कामें केलीं असतील. आज तुम्ही गरिबांसाठीं काय करितां? ओझानामनें उत्तरादाखल दुसरें भाषण केलें नाहीं. एप्रिल १८३३ मध्यें त्यानें कांहीं सोबती जमविले, आणि सिस्टर रोझली रेन्दु यांच्या मार्गदर्शनाखालीं ते गरिबांच्या घरोघर जाऊं लागले. तेव्हां तो नुकताच वीस वर्षांचा झाला होता. त्यांतूनच संत व्हिन्सेंट दि पॉल सोसायटी उभी राहिली. १८६३ सालीं ती मुंबईंत आली, आणि आज ती अनेक देशांत काम करीत आहे. हा टोमणा आजही कोणी आपल्या तोंडावर मारील, तर आपल्यापाशीं उत्तर आहे काय?

परंतु सेवेचा धडा घेण्यास आपणांस परदेशींच जावें लागतें असें नाहीं. आपल्या वऱ्हाडची मातीच याची साक्ष देते. २३ फेब्रुवारी १८७६ रोजीं अमरावती जिल्ह्यांतील शेंडगांवीं डेबूजी झिंगराजी जाणोरकर यांचा जन्म झाला. बाप लवकर वारला. बाळपण मूर्तिजापूर तालुक्यांतील दापुरें येथें मामाच्या घरीं, गुरें राखण्यांत व शेतांत राबण्यांत गेलें. शाळा अशी लाभलीच नाहीं. १९०५ सालीं, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षीं, त्यांनीं घर सोडलें. हातीं खराटा व मातीचें गाडगें, एवढाच त्यांचा संसार. गांवांत शिरतांच ते आधीं रस्ते झाडीत आणि मग रात्रीं कीर्तनांत लोकांना शहाणपण सांगत. आधीं हात, मग तोंड, हा त्यांचा क्रम कधीं चुकला नाहीं. पंढरपूर, नाशिक, आळंदी येथें त्यांनीं धर्मशाळा बांधविल्या, पण स्वतःसाठीं झोंपडीही केली नाहीं. २० डिसेंबर १९५६ रोजीं त्या गाडगेबाबांचा देह ठेवला गेला. त्यांचा धर्म व आपला धर्म निराळा. पण शिष्यांचे पाय धुणाऱ्या प्रभूच्या भक्तांस हा खराटा ओळखीचा वाटला पाहिजे.

या चौघांचीं चरित्रें पाहिलीं, म्हणजे एक गोष्ट स्पष्ट होते. कोणाजवळही आरंभीं पद नव्हतें, आणि ज्यानें धन मिळविलें होतें त्यानें तें सोडून दिलें. प्रत्येकानें समोर दिसणाऱ्या गरजेस हात घातला, आणि एकदां धरलेलें काम सोडलें नाहीं. उत्साह एका दिवसाचा असतो. सेवा ही संवय आहे.

येथें माझी एक चूक सांगतों. मी सेमिनरींत असतांना उन्हाळ्याच्या सुटींत आम्हां दहाबारा विद्यार्थ्यांना एका खेड्यांत पाठविलें होतें. गांवाला कांहीं न विचारतां आम्हीं पंधरा दिवस खपून रस्ता तयार केला व मोठ्या अभिमानानें परतलों. पावसाळ्यांत त्या रस्त्यानें पाणी अडलें आणि लगतच्या घरांत शिरलें. पुढें भेटीस गेलों तेव्हां एक म्हातारी म्हणाली, "बापू, रस्ता त चांगला केला, पन पानी कुठून जाते हे आमाले इचारलं असतं त बरं झालं असतं." धर्मशास्त्राच्या ग्रंथांनीं जें शिकविलें नाहीं, तें त्या बाईनें एका वाक्यांत शिकविलें. ज्याची सेवा करावयाची, त्याला आधीं विचारावें. तो आपला उपकृत नव्हे, तो आपला शेजारी होय.

सरकारनेंही तरुणांच्या शक्तीची किंमत ओळखलेली आहे. गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षीं, २४ सप्टेंबर १९६९ रोजीं, राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. पहिल्या वर्षीं ३७ विद्यापीठांतील सुमारें ४०,००० विद्यार्थी तींत होते. २०१६ सालीं वॉटर कप स्पर्धेच्या निमित्तानें आपल्याच वऱ्हाडांतील वरूड तालुक्यांत गांवकऱ्यांनीं भर उन्हाळ्यांत कुदळ-फावडें हातीं घेऊन पाणी अडविण्याचीं कामें केलीं. आपलीं मुलेंही कॉलेजांतील शिबिरांस जातात. पण गुणांसाठीं केलेली सेवा गुणपत्रिका मिळतांच संपते, आणि छायाचित्रासाठीं धरलेला खराटा छायाचित्र निघतांच खालीं पडतो. देवाला दोन्ही नको.

आपलें पातूर लहान गांव आहे, पण पुष्कळांचें आहे. येथल्या डोंगरांत जुन्या साधकांचीं कोरीव लेणीं आहेत, शेख बाबूंचा दर्गा आहे, देवळें आहेत, आणि आपण मूठभर ख्रिस्ती आहों. मूठभर असणें ही अडचण नव्हे. मीठही चिमूटभरच लागतें. म्हणून आपली सेवा आपल्यापुरती कोंडून ठेवूं नये. अकोल्याच्या मोठ्या रुग्णालयांत कागद घेऊन या खिडकींतून त्या खिडकींत फिरणारा म्हातारा कोणत्या धर्माचा, हें विचारावयाचें नाहीं. ज्या शेतकऱ्यानें कर्जापायीं जीव दिला, त्याच्या विधवेच्या दारीं तेराव्यानंतर कोणी जात नाहीं. तेथें आपल्या तरुणींनीं जावें, तिचे अर्ज भरून द्यावे, तिच्या लेकरांचा अभ्यास घ्यावा. आठवड्यांतून दोन तास, ठरलेल्या वारीं, दोघांदोघांनीं. एवढेंच मी मागतों.

आणि वडील मंडळींसही एक विनंति. तरुण चुकतील, त्यांना चुकूं द्या. किल्ल्या, हिशेबाच्या वह्या व सभेंतील खुर्च्या थोड्या मोकळ्या करा. जो मुलगा पुणें-मुंबईस जाणार आहे, तोही येथून सेवेची संवय घेऊन गेला, तर तेथें आपल्याच ख्रिस्तसभेचें काम करील.

पुढच्या ज्युबिलीस मी नसेन. त्या वेळचा धर्मगुरू या धर्मग्रामाचा इतिहास लिहावयास बसेल, तेव्हां त्याला नव्या इमारतींची यादी मिळो वा न मिळो. पण पातुरांतील एखाद्या परक्या घरांत "हीं चर्चचीं पोरें आमच्या अडचणींत आलीं होतीं" एवढें वाक्य त्यास ऐकूं येवो, म्हणजे आजचा हा उत्सव सार्थकीं लागला असें होईल. पवित्र मातेच्या मध्यस्थीनें आपल्या तरुणांस तें बळ लाभो, हीच प्रभुचरणीं प्रार्थना.