झोपेचा करार : लॅपटॉपचे वायफाय आणि वीजबचतीचा इतिहास #थ्रेड

१/ चार्जर जोडलेला असेपर्यंत लॅपटॉपचे वायफाय निर्वेध चालते; चार्जर काढला की काही मिनिटांत संपर्क तुटतो. कधी झाकण मिटून पुन्हा उघडावे, तर वायरलेस कार्ड यंत्रातून नाहीसेच झालेले असते. अशा वेळी "कार्ड गेले" असे निदान चटकन केले जाते आणि नव्या कार्डाचा खर्च माथी बसतो. पुष्कळदा ते कार्ड गेलेले नसते, झोपलेले असते. त्या झोपेचा हा इतिहास.

२/ १९८५ साली अमेरिकेच्या संघीय दळणवळण आयोगाने २.४ गिगाहर्ट्झसह काही लहरपट्टे विनापरवाना दळणवळणास खुले केले. पुढे निरनिराळ्या कंपन्यांची बिनतारी उपकरणे बाजारात आली. पण एकीचे यंत्र दुसरीच्या यंत्राशी बोलेना. १९९० पासून व्हिक्टर हेस यांच्या अध्यक्षतेखाली 'आयईईई' या संस्थेच्या समितीने समान मानकाचे काम हाती घेतले. १९९७ मध्ये ८०२.११ हे मानक प्रसिद्ध झाले. कमाल वेग सेकंदाला अवघा २ मेगाबिट.

३/ समितीसमोर वेगाइतकाच अवघड प्रश्न बॅटरीचा होता. रेडिओला बोलताना वीज लागते, हे उघड आहे. पण नुसते कान देऊन बसण्यासही प्रत्यक्ष संदेश घेण्याइतकीच, किंवा थोडीच कमी, वीज खर्च होते. म्हणजे गप्प बसून बचत होत नाही. बचत करायची तर रेडिओने कान मिटून झोपलेच पाहिजे.

४/ मग झोपलेल्याचा निरोप कोणी घ्यायचा? यावर मानकाने एक करार घालून दिला. कार्डाने झोपण्यापूर्वी राउटरला तसे कळवावे. राउटरने त्याचे निरोप राखून ठेवावेत आणि ठरावीक अंतराने, बहुधा दर १०२.४ मिलिसेकंदांनी, एक हाकारा द्यावा. या हाकाऱ्याला 'बीकन' म्हणतात. कोणाकोणाचे निरोप आले आहेत, याची यादी त्यात असते. कार्डाने तेवढ्यापुरते जागे व्हावे, यादीत आपले नाव असल्यास निरोप मागून घ्यावा, नसल्यास पुन्हा निजावे.

५/ योजना सुबक होती, पण तिला दोन पक्ष होते. राउटर एका कंपनीचा, कार्ड दुसऱ्या कंपनीचे. राउटरने निरोप नीट राखले नाहीत, किंवा कार्ड हाकाऱ्याच्या वेळी जागे झाले नाही, तर दोघेही धडधाकट असूनही संभाषण तुटते. वापरणाऱ्याला मात्र दिसते एवढेच, की सिग्नलच्या रेघा भरलेल्या आहेत आणि पान उघडत नाही.

६/ करार चोख पाळला तरी त्याची किंमत होतीच. एमआयटीतील रॉनी क्राशिन्स्की आणि हरी बालकृष्णन यांनी २००२ च्या शोधनिबंधात ती दाखवून दिली. उत्तर क्षणार्धात आले तरी झोपलेले कार्ड ते पुढच्या हाकाऱ्यालाच घेणार. त्यामुळे छोट्या देवघेवीलाही सुमारे १०० मिलिसेकंदांचा विलंब चिकटतो. एका वेबपानासाठी अशा अनेक फेऱ्या होतात. ही सगळी दिरंगाई 'नेट मंद आहे' या एकाच तक्रारीत जमा होते.

७/ दरम्यान खुद्द संगणकही झोपायला शिकत होता. डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी 'एसीपीआय' हे मानक मांडले. त्यात प्रत्येक उपकरणाला डी० ते डी३ अशा अवस्था दिल्या : डी० म्हणजे पूर्ण जागे, डी३ म्हणजे बंद. पुढे पीसीआय एक्स्प्रेस आले आणि कार्डाला मदरबोर्डशी जोडणारा दुवाही काम नसताना पेंगू लागला. या सोयीचे नाव 'एएसपीएम'. आता एकाच कार्डाच्या झोपेवर दोन धन्यांची सत्ता झाली.

८/ मार्च २००३ मध्ये इंटेलने 'सेंट्रिनो' हे नाममुद्रेचे लॅपटॉप पुढे आणले. प्रोसेसर, चिपसेट आणि वायरलेस कार्ड ही तिन्ही इंटेलची असतील तरच ते नाव लावता येई. बॅटरी दीर्घकाळ टिकणे आणि तारेवाचून जाल मिळणे, ही दोन वचने एकाच दमात दिली गेली. पण ही वचने एकमेकांच्या विरुद्ध ओढणारी होती.

९/ ती ओढाताण २००७ मध्ये विंडोज व्हिस्टाबरोबर चव्हाट्यावर आली. या प्रणालीच्या ऊर्जा-योजनांत वायरलेस कार्डाच्या बचतीचीही तरतूद होती. बॅटरीवर जाताच कार्ड डुलक्या घेऊ लागे आणि १९९७ चा तो करार न पाळणाऱ्या राउटरांशी त्याचे बिनसे. मायक्रोसॉफ्टने स्वतःच ही अडचण नोंदवून उपाय सांगितले : चार्जर जोडा, 'हाय परफॉर्मन्स' योजना निवडा, किंवा कार्डाची बचत कमी करा. दहा वर्षे जुन्या कराराचा भंग प्रणाली बदलल्यावर उघडा पडला.

१०/ मग बचत कायमची बंदच का करू नये? त्याचे उत्तर लिनक्सच्या इतिहासात आहे. २०११ च्या २.६.३८ या आवृत्तीनंतर अनेक लॅपटॉपांची बॅटरी लवकर संपू लागली. 'एएसपीएम नाही' असे बायोसने सांगितले, की लिनक्स ती सोय बंद करी. बायोसने स्वतः ती चालू ठेवलेली असली तरीही. मॅथ्यू गॅरेट यांनी विंडोजचे वर्तन अभ्यासले आणि अशा वेळी बायोसची मांडणी आहे तशीच राहू द्यावी, असा बदल केला. २०१२ मध्ये ३.३ या आवृत्तीत तो आला.

११/ या इतिहासातून निदानाची वाट मिळते. दोष फक्त बॅटरीवर दिसतो का, ते आधी पाहावे. सिग्नल आहे पण देवघेव थांबते, तर राउटरशी झालेल्या कराराचा संशय घ्यावा : विंडोजमध्ये वायरलेस अडॅप्टरची योजना 'मॅक्सिमम परफॉर्मन्स' करावी, लिनक्समधील नेटवर्कमॅनेजरमध्ये वायफाय पॉवरसेव्हचे मूल्य २ केल्यास बचत बंद होते, ३ केल्यास चालू. झोपेतून उठल्यावर कार्डच दिसेनासे होत असेल, तर संशय दुसऱ्या धन्यावर : डिव्हाइस मॅनेजरमध्ये वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करण्याची मुभा काढावी, ड्रायव्हर व बायोस अद्ययावत करावे. एका वेळी एकच बदल करावा आणि तो टिपून ठेवावा. नाहीतर गुण कशाने आला ते कळत नाही.

१२/ एवढे करूनही, चार्जर जोडलेला असताना, दुसऱ्या राउटरवरही दोष तसाच राहिला, तर मात्र अँटेनाची तार, खाच आणि शेवटी कार्ड तपासावे. कार्डाला मृत ठरवण्याचा अधिकार या पायरीनंतरचा. दोन पक्षांचा करार मोडला, की जो आपल्या हाताशी असतो त्याच्यावर दोष ठेवणे सोपे जाते. पण कार्डाने झोपावे, हे त्याला माणसांनीच शिकवले होते. त्याला वेळेवर हाक मारली गेली का, एवढे आधी पाहावे.

लेखनसीमा.