सागरी हवेतील हरितगृह वायूंची नोंद : भारतातील केंद्रे

बंगळुरू : हवेतील कार्बन डायऑक्साइड दहा लाख भागांत मोजला जातो, मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड अब्ज भागांत. जागतिक हवामान संघटनेच्या माहितीनुसार 2023 मध्ये त्यांची जागतिक सरासरी अनुक्रमे 420, 1,934 आणि 336.9 भाग होती. उच्चदाब वीजयंत्रणेत वापरला जाणारा सल्फर हेक्झाफ्लोराइड त्याहूनही विरळ असला, तरी शंभर वर्षांच्या कालावधीत त्याची तापमानवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 24,000 पट आहे.

इतक्या सूक्ष्म प्रमाणातील बदल शहरातील हवेत टिपणे कठीण असते. जवळून गेलेला ट्रकही आकडे फिरवतो. त्यामुळे समुद्रावरून येणारी, दूरवर मिसळत आलेली हवा मोजली जाते. हवाईतील मौना लोआ येथे 1958 पासून अशी मोजणी सुरू आहे.

भारतात सागरी हवेची नोंद घेण्याचा महत्त्वाचा प्रयत्न गोव्यात झाला. काणकोण तालुक्यातील काबो द राम येथे 1993 ते 2002 या काळात हवेचे नमुने गोळा करून ऑस्ट्रेलियात तपासण्यात आले. नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात येथे हिंदी महासागरावरील, दक्षिण गोलार्धातून आलेली हवा पोहोचते आणि मिथेनचे प्रमाण घटते. हिवाळ्यात वारे उलटले, की उपखंडावरील हवा येते. एकाच कड्यावरून दोन्ही हवांची तुलना करता येणे, ही या जागेची दुर्मीळ सोय.

पुढे बंगळुरू येथील सी-मॅक्स (आताची सीएसआयआर फोर्थ पॅराडाइम इन्स्टिट्यूट), भारतीय खगोलभौतिकी संस्था आणि फ्रान्समधील संशोधकांच्या सहकार्यातून लडाखमधील हान्ले, पुदुच्चेरी आणि पोर्ट ब्लेअर (आताचे श्री विजयपुरम) येथे केंद्रे उभी राहिली. काचेच्या कुप्यांत भरलेली हवा विश्लेषणासाठी फ्रान्सला पाठवली जाई. 2007 ते 2011 या काळातील निष्कर्ष 2015 मध्ये प्रसिद्ध झाले.

त्यांतील एक नोंद लक्षवेधी आहे. पावसाळ्यात किनारी केंद्रांवर मिथेन कमी होतो, तर 4,517 मीटर उंचीवरील हान्ले येथे त्याच महिन्यांत तो वाढतो. मोसमी ढगांचे प्रवाह मैदानातील भातशेती व पाणथळ जमिनींवरील हवा वर उचलून नेतात, हे त्यामागील प्रमुख कारण मानले जाते. नायट्रस ऑक्साइड किनारी केंद्रांवर हान्लेपेक्षा अधिक आढळला. खतांचा वापर होणाऱ्या शेतजमिनी हा त्याचा मोठा स्रोत. सल्फर हेक्झाफ्लोराइडमध्ये मात्र केंद्रांमधील फरक अल्प होता.

उत्सर्जनाचे राष्ट्रीय हिशेब इंधन, पशुधन आणि खतांच्या आकडेवारीवर बेतलेले असतात. ते प्रत्यक्षाशी जुळतात का, हे हवेतील मोजमापांवरूनच स्वतंत्रपणे पडताळता येते. भारताच्या विस्ताराच्या तुलनेत अशी केंद्रे मोजकीच असल्याने ती पडताळणी अद्याप ढोबळ आहे. म्हणूनच देशाच्या अन्य भागांतही केंद्रांचे जाळे वाढवण्याची गरज संशोधकांनी या अभ्यासात नोंदवली आहे.