शकुनाकडून शुभेच्छेकडे

नाताळ आला की इटलीतील घराघरांतून ‘बुऑन नाताले’ हे शब्द ऐकू येतात. ‘बुऑन’ म्हणजे शुभ. ‘नाताले’ची ओळख आपणांस करून द्यावी लागत नाही. जन्मवाचक अशा एकाच लॅटिन शब्दापासून तो इटालियन भाषेत उतरला आणि पोर्तुगीज भाषेच्या वाटेने मराठीत ‘नाताळ’ होऊन स्थिरावला. कृष्णा-तारळीच्या संगमावरील उंब्रजसारख्या गावी शेजारी आपणांस ‘नाताळच्या शुभेच्छा’ देतो, तेव्हा नकळत रोमचाच शब्द त्याच्या मुखी असतो.

या दोन भाषांचे नाते याहूनही जुने आहे. फिलिप्पो सास्सेत्ती हा फ्लॉरेन्सचा व्यापारी १५८३ साली हिंदुस्थानात आला आणि १५८८ साली गोव्यात निवर्तला. संस्कृत व इटालियन शब्दांतील साम्य त्याने आपल्या पत्रांतून नोंदविले : देव आणि ‘दिओ’, सर्प आणि ‘सेर्पे’, सप्त आणि ‘सेत्ते’. सर विल्यम जोन्स यांनी १७८६ साली या भाषाकुळाविषयी प्रसिद्ध व्याख्यान दिले, त्याच्या दोनशे वर्षे आधीची ही गोष्ट!

इटालियन माणूस वाढदिवसाला वा सणाला ‘आउगुरी’ म्हणतो. या शब्दाचे मूळ ख्रिस्तपूर्व रोममध्ये आहे. पक्ष्यांचे उड्डाण पाहून देवतांचा कौल सांगणारे ‘ऑगर’ नावाचे पुरोहित तेथे असत. त्यांच्या शकुनाचे नाव ‘ऑगुरियुम’. आपल्या ‘शकुन’ शब्दाचाही संस्कृतातील एक अर्थ पक्षी असाच आहे. पक्ष्यांनी सांभाळलेली म्हणून ती शकुंतला!

शकुनाची भीती मात्र सहजासहजी सुटत नाही. वाढदिवसाच्या आधीच ‘आउगुरी’ म्हणणे इटलीत अशुभ मानतात. उंब्रजच्या एस.टी. थांब्यावरही निरोप घेणारा ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणतो. तरीही या ‘येतो’मध्ये भीतीपेक्षा माया अधिक आहे. इटालियन ‘आर्रिवेदेर्ची’चा भावही तोच : पुन्हा भेटेपर्यंत. दीर्घ वियोगाच्या वेळचा ‘आद्दिओ’ हा शब्द तर निरोप घेणाऱ्यास सरळ देवाच्या हाती सोपवितो.

श्रद्धेने घडविलेला पालट येथे दिसतो. शकुन पाहणारा भविष्य जाणू इच्छितो; शुभेच्छा देणारा दुसऱ्याचे भविष्य देवावर सोपवितो. १२२६ साली अखेरच्या दिवसांत असिसीकर संत फ्रान्सिस यांनी आपल्या मृत्युपत्रात नमूद केले, की देवाने तुम्हांस शांती द्यावी, हे अभिवादन प्रभूनेच आपणांस शिकविले.

त्याच संताचे नाव धारण केलेले पोप फ्रान्सिस २० एप्रिल २०२५ रोजी, पुनरुत्थानाच्या रविवारी, संत पेत्राच्या महामंदिराच्या सज्जात आले. आजाराने आवाज क्षीण झाला होता. संदेश दुसऱ्याने वाचला. त्यांनी स्वतः मात्र जमलेल्या भाविकांना ‘बुओना पास्क्वा’, पास्काच्या शुभेच्छा, दिल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी ते देवाघरी गेले.

मरणाच्या उंबरठ्यावरील माणसाजवळही देण्यासारखे एवढे उरते. यंदा नाताळला शेजाऱ्याच्या दारी जाताना आपल्या शुभेच्छेमागे त्याच्यासाठी केलेली एक छोटीशी प्रार्थना असावी. मग शब्द इटालियन असो वा मराठी, तो पोकळ राहणार नाही.