कर्जात गेलेला मुलूख : वऱ्हाड, वाशिम आणि सातासमुद्रापारचं डेलावेअर

मंडळी, "आपला जिल्हा मागास" हे वाक्य वीस वर्षं बातमीदारीत ऐकतोय. मंत्री आले की तेच, मोर्चा निघाला की तेच. पण या मुलखाच्या रेषा कोणी आखल्या, हे कोणी विचारत नाही. म्हणून आज जरा लांबचं लिहितो. वेळ काढून वाचा.

आधी भूगोल. अकोल्याहून निघालं की पातूरपर्यंत सपाट काळी जमीन. तो पयनघाट, म्हणजे घाटाखालचं वऱ्हाड. पातूरचा घाट चढून मेडशीला आलो की बालाघाट लागतो. या डोंगरांच्या उत्तर उतारावरचं पाणी पूर्णेतून तापीत आणि पुढं अरबी समुद्रात जातं. दक्षिणेकडचं पाणी पैनगंगेतून शेवटी गोदावरीला मिळून बंगालच्या उपसागरात. समुद्र आपल्यापासून शेकडो किलोमीटर लांब, पण पाणी आपलं दोन्हीकडं.

आता इतिहास. निजामाच्या खर्चानं एक फौज उभी होती, हैदराबाद कंटिंजंट. तिची एक छावणी आपल्या शेजारी हिंगोलीला. पगार निजामानं द्यायचा, हुकूम मात्र इंग्रजांचा. पगार थकले, कंपनीनं उसने पैसे दिले आणि कर्ज चढत गेलं. डलहौसी गव्हर्नर जनरल असताना २१ मे १८५३ ला तह झाला. त्या फौजेच्या खर्चासाठी वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेलं. सोबत धाराशिव आणि रायचूर दुआबही गेले.

१८६० च्या तहात सुमारे ५० लाखांचं कर्ज माफ झालं. धाराशिव आणि रायचूर परत गेले. वऱ्हाड? ते तिथंच! कर्ज फिटलं, पण गहाण काही सुटलं नाही. का? अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस अडला आणि इंग्लंडच्या गिरण्यांना वऱ्हाडी कापूस सोन्यासारखा झाला. १८६७ पर्यंत मुंबईची रेल्वे नागपूरला पोचलीही. ती गेली पयनघाटातून, अकोला-बडनेऱ्यावरून. सपाट जमीन तिथं, कापसाच्या पेठाही तिथं. घाटावरचं वाशिम बाजूला राहिलं. आपल्याकडं रेल्वे आली ती फार उशिरा, तीही मीटरगेज. तिचं रुंदीकरण व्हायला एकविसावं शतक उजाडलं.

१९०२ मध्ये कर्झननं निजामाकडून वऱ्हाड कायमच्या पट्ट्यानं घेतलं, वर्षाला २५ लाख रुपयांवर. १९०३ मध्ये ते मध्य प्रांताला जोडलं. १९०५ मध्ये फेररचना झाली आणि वाशिम जिल्हाच पुसला. वाशिम आणि मंगरूळ हे तालुके अकोल्यात, पुसद यवतमाळात. ज्या वाशिमला वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म होती, ते तालुक्याचं गाव झालं. जिल्हा परत मिळाला १ जुलै १९९८ ला. म्हणजे ९३ वर्षं दाखल्याला अन् तारखेला घाट उतरून अकोल्यालाच जावं लागलं.

असं फक्त आपल्याच वाट्याला आलं का? नाही. इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्स राजाला मुंबई लग्नात आंदण मिळाली. ती त्यानं १६६८ मध्ये कंपनीला वर्षाला १० पौंडांवर देऊन टाकली. याच राजावर विल्यम पेनच्या बापाचं १६,००० पौंडांचं देणं होतं. त्यापोटी १६८१ मध्ये पेनला अमेरिकेतला अख्खा पेनसिल्व्हेनिया मिळाला. पेनला समुद्राकडं वाट हवी होती, म्हणून १६८२ मध्ये किनाऱ्याची पट्टी राजाच्या भावानं दिली. तेच डेलावेअर. तिथं आधी डच आले, मग स्वीडिश, मग इंग्रज. आणि त्या सगळ्यांच्या आधीपासून राहणाऱ्या लेनापी लोकांना कोण विचारतो? वऱ्हाडच्या कुणब्याला तरी १८५३ मध्ये कोणी विचारलं होतं?

पण पुढचं ऐका. तीन कौंट्यांच्या त्या पट्टीनं १७०४ पासून आपली वेगळी सभा भरवली. १७७६ मध्ये ती स्वतंत्र राज्य झाली आणि १७८७ मध्ये अमेरिकेची घटना सगळ्यात आधी तिनंच मंजूर केली. मुलूख लहान, पण आपला कारभार सोडला नाही.

आपल्याकडं काय? २०१८ मध्ये आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत वाशिमचं नाव आलं. विदर्भाच्या वैधानिक विकास मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली, तेव्हा आपल्या चावडीवर त्याची चर्चाही झाली नाही.

माझं म्हणणं एवढंच. इथली माती मागास नाही, माणसं तर नाहीतच. रेल्वे कुठून न्यायची, कचेरी कुठं ठेवायची, हे दुसऱ्यांनी दुसऱ्यांच्या सोयीनं ठरवलं. आता ठरवणारे आपणच निवडून देतो. तेव्हा पुढच्या वेळी मत मागायला कोणी आलं, की "आम्ही मागास आहोत, काहीतरी द्या" असं हात जोडून म्हणू नका. "आमच्या वाट्याचं कुठं अडलं?" असं विचारा. आणि उत्तर लिहून घ्या!